‘सात दिवसांत नांदावयास यावे’ : अशी नोटीस आली आहे

पायवाट
या फोरमवर लिहू की नको करत दोन दिवस गेले. माझी धाकटी बहीण, वय २३, डी. फार्म. झालेली. लग्नाला चौदा महिने झाले. माहेर सातारा जिल्ह्यात, सासर पिंपरी-चिंचवडला. दिवाळीला म्हणून आली ती परत गेलेली नाही. परवा रजिस्टर पोस्टाने तिच्या नवऱ्याच्या वकिलांची नोटीस आली. ‘आमचे अशील आपणांस नांदविण्यास आजही तयार आहेत. आपण कोणतेही सबळ कारण नसताना माहेरी निघून गेलेल्या असून, सदर नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत नांदावयास यावे, अन्यथा...’ अन्यथाच्या पुढचं बाबांनी वाचलंच नाही. कागद देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आणि बाहेर जाऊन बसले.

‘सबळ कारण’ हे दोनच शब्द तेव्हापासून घरात फिरतायत. मामा आले, आत्या आली, लग्न जमवणारे काका आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘मारलं का त्यानं?’ नाही मारलं. एकदाही नाही. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा सैल पडतो. मग चहा होतो.

झालं काय ते सांगते. बघायला आले तेव्हा ‘आम्हाला काही नको, फक्त दोन्ही अंगांचं लग्न तुम्ही करून द्या’ असं म्हणाले होते. बाबांनी दिलं करून. दुसऱ्या महिन्यापासून तिचा फोन रात्री दहाला सासूबाईंच्या कपाटात जायला लागला. आईशी बोलायचं तर हॉलमध्ये, स्पीकर लावून. मेडिकलमधली नोकरी ‘सध्या नको’. तिचं सर्टिफिकेट आणि मार्कशीट ‘हरवतील’ म्हणून सासूबाईंनी आपल्याकडे ठेवून घेतली. सगळ्यांचं जेवण झाल्यावर जे उरेल ते तिचं, आणि पोळ्या मोजून लाटायच्या. जाताना वजन ५२ होतं, आली तेव्हा ४३. सहाव्या महिन्यापासून ‘गोड बातमी कधी’ सुरू झालं, मग ‘हिच्यातच काहीतरी असणार’ हे पाहुण्यांसमोर. नवरा ओरडत नाही, तो बोलणं बंद करतो. एकदा २२ दिवस. तिनं दिवस मोजले होते. दिवाळीच्या आधी दुकानाच्या डिपॉझिटला तीन लाख ‘उसने’ आणायला सांगितलं.

ती स्वतः म्हणते, ‘ताई, सांगण्यासारखं काही नाहीच गं. सांगायला गेलं की सगळं बारीक वाटतं.’

नोटिशीचं काय करायचं? सात दिवसांतले तीन गेले.

रानजाई
आधी तिला नीट जेवू घाल. बाकीचं नंतर. वाचते आहे.

काळाकोट
मी तालुका कोर्टात वकिली करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

पहिलं म्हणजे, ही नोटीस वकिलाची आहे, कोर्टाची नव्हे. सात दिवसांनी कुणी हात धरून न्यायला येत नाही. पण खणात ठेवूनही चालणार नाही. उत्तर द्याच, आणि वकिलाकडूनच द्या. उत्तर नाही दिलं तर पुढे ‘आम्ही बोलावलं, ती आली नाही, काही कारणही कळवलं नाही’ एवढं म्हणायला त्यांना आयता कागद मिळतो. त्यांची पुढची पायरी बहुतेक हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खालचा अर्ज, ज्याला बोलीत ‘नांदायचा दावा’ म्हणतात. त्यात सोडून जायला वाजवी कारण होतं हे दाखवायची जबाबदारी सोडून गेलेल्यावर येते. म्हणून तो ‘सबळ कारण’ शब्द नोटिशीत आहे.

खरा डाव बहुतेक वेळा पोटगीचा असतो. पुरेसं कारण नसताना नवऱ्याकडे राहायला नकार देणाऱ्या बायकोला पोटगी नाही, असं कलम आहे. पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. नांदायचा हुकूम आधी मिळवून ठेवला की पोटगीचा अर्ज आपोआप पडेल, असा हिशोब. तो हिशोब आता इतका सोपा राहिलेला नाही. असा हुकूम बायकोच्या विरोधात असला तरी तेवढ्यानेच पोटगी बुडत नाही, ती का गेली नाही हे बघावं लागेल, असं जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

आता ‘मारलं का’. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा उघडून कलम ३ वाचा. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चार अंगं आहेत. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं तर शब्दांत लिहिलेलं आहे. संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) जो घटना अहवाल भरतात त्या छापील फॉर्मवर नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, अन्न-औषध न देणं, हुंड्यावरून बोलणं, हे सगळं आधीच ओळी-ओळीत छापलंय. पुढे फक्त खूण करायची असते. तुमच्या बहिणीला जे बारीक वाटतंय ते कायदा करणाऱ्यांनी मोजून ठेवलेलं आहे.

अर्ज साताऱ्याच्या बाजूलाच करता येतो. ती सध्या जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे, तात्पुरती राहत असली तरी. आणि महिलेला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा.

सरळमार्गी
राग येईल, तरी लिहितो. एकच बाजू ऐकून सगळे कायद्याची कलमं काढायला लागले. माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात हेच झालं. वहिनी आठ महिन्यांत गेली, ४९८-अ (सासरच्या छळाचं फौजदारी कलम) टाकली, त्यात माझी लग्न होऊन नाशिकला राहणारी बहीणसुद्धा आरोपी. आई-वडिलांनी चार वर्षं तारखा केल्या. शेवटी पैसे देऊन मिटलं. सर्वोच्च न्यायालयानं स्वतः डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की सरसकट सगळ्या नातेवाइकांना गोवू नका. फोन कपाटात ठेवणं म्हणजे छळ? आमच्या आईनं तर आयुष्यभर सगळ्यांच्या नंतर जेवण केलं.

तिखटजाळ
सरळमार्गी, तुमच्या आईला कधी विचारलंत का, तिला कसं वाटत होतं ते?

काळाकोट
सरळमार्गी यांचं दुखणं खोटं नाही. लांबच्या नणंदेचं नाव घालायचा सल्ला देणारे वकील मीही बघितलेत, आणि त्याचा पहिला फटका खऱ्या तक्रारदार मुलीलाच बसतो, कारण जज सगळंच फुगवलेलं समजतात. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ४९८-अ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८५ आणि ८६) फौजदारी आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यातही २०१४ पासून पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, असा निकाल आहे. २००५ चा कायदा मुळात संरक्षणाचा आहे. त्यात राहण्याचा हक्क, खर्च, वस्तू परत आणि ‘तिच्या वाटेला जाऊ नका’ असा आदेश मागता येतो. तिथे कुणाला तुरुंगात पाठवायचं नसतं. आदेश मोडला तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड. पायवाट यांच्या बहिणीनं आधी हा रस्ता धरावा, असं माझं मत. तीन लाखांच्या मागणीचं मात्र वेगळं नोंदवून ठेवा. ‘उसने’ म्हटल्यानं हुंडा उसना होत नाही.

जुनीवही
मी ७१ वर्षांची, पुण्यात असते. ‘मारलं का’ वरून आठवलं.

१९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा गेली. लग्नाला चारच महिने झाले होते. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. खालच्या कोर्टानं नवऱ्याला फाशी सुनावली, हायकोर्टानं कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी, याबद्दल वकील लोक अजून त्या निकालाचे दाखले देतात म्हणे. पुण्यात बायका रस्त्यावर आल्या, ‘मी एक मंजुश्री’ असं प्रदर्शन निघालं. मी गेले होते बघायला. तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की भाजी आणायला गेले होते.

४९८-अ १९८३ मध्ये आलं, हुंडाबळीचं कलम १९८६ मध्ये. लग्नापासून सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ दिसला तर कायदा सासरच्यांवर बोट ठेवतो. ही सात वर्षं लक्षात ठेवा. त्यासाठी मुलगी आधी मरावी लागते.

माझी मुलगी १९९९ मध्ये परत आली होती. अगदी तुमच्या बहिणीसारखंच, मारहाण नाही काही नाही. मी तिला आठवड्यानं पोचवायला गेले. वाटेत एसटीत ती एक शब्द बोलली नाही. आज तिचा संसार ‘चांगला’ आहे, सगळे म्हणतात. माझ्याशी ती हवापाण्याचंच बोलते.

रानजाई
काकू...

अक्षरओळ
हा धागा वाचताना एकच नाव डोक्यात येत होतं, रखमाबाई. बहुतेकांना त्या डॉक्टर म्हणून माहीत असतात, पण त्यांची पहिली ओळख म्हणजे हाच ‘नांदायचा दावा’. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागलं, त्या सासरी गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्यानं मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अजाण वयात लग्न लावलेल्या बाईला बळजबरीनं पाठवायला ते तयार नव्हते. मग अपील, पुन्हा सुनावणी, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. ‘केसरी’तून टिळक त्यांच्यावर तुटून पडले होते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, बाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला, राजकोटला काम केलं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे जी चर्चा होती, तिच्यात हा खटला होताच.

मजेची गोष्ट म्हणजे हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नाहीच. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इकडे आला. इंग्लंडनं १९७० मध्ये तो काढून टाकला. आपण १९५५ च्या कायद्यात कलम ९ म्हणून ठेवला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं तो घटनाबाह्य ठरवला, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उचलून धरला.

आणि ‘नांदणे’ हा शब्दच बघा ना. नांदणं म्हणजे सुखानं राहणं. सुख-समृद्धी नांदते, आपण ‘नांदा सौख्यभरे’ लिहितो. नवरा मात्र कधी नांदायला जात नाही, तो ‘नांदवतो’. एकाच क्रियापदात एकीला राहायचंय आणि दुसऱ्यानं ठेवून घ्यायचंय.

सरळमार्गी
भाषेचं ठीक आहे, पण हुकूम झाला तर जावं लागेलच ना?

काळाकोट
नाही. माणसाला उचलून नेत नाहीत. हुकूम मोडल्यास मालमत्तेवर जप्ती आणता येते, तीही मालमत्ता असेल तर. आणि हुकमानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. पुष्कळ दावे त्यासाठीच लावलेले असतात, बायको परत यावी म्हणून नव्हे. त्यांनी पुण्यात दावा लावला तर तो साताऱ्याला वर्ग करून मागायला हायकोर्टात अर्ज करता येतो.

आकडेमोड
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी, २०१९-२१. देशात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. मला त्याहून दुसरा आकडा जास्त टोचतो. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. आणि बायकोला मारणं कधी योग्य, याची सात कारणं विचारली होती, न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं वगैरे. त्यातल्या एका तरी कारणाला ४५ टक्के बायकांनी होकार दिला, पुरुषांनी ४४.

या पाहणीत अबोल्याचा प्रश्नच नसतो, हे वेगळं.

केवडा_
पायवाट, एक विचारू? इथे लिहू नकोस, तिलाच विचार, एकटीला, दार लावून. त्या २२ दिवसांत तो बोलत नव्हता, पण रात्री काय व्हायचं? माझ्या वेळेला मला वर्षानं कळलं की ‘नको’ म्हणायचं असतं. लग्नात बलात्कार आपल्याकडे अजून गुन्हा नाही, बायको १८ च्या वरची असेल तर कलमातच अपवाद आहे आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण २००५ च्या कायद्यात लैंगिक हिंसा स्पष्ट लिहिली आहे. त्या फॉर्मवर त्याचीही ओळ आहे. मी ती ओळ भरली होती. समोरच्या मॅडमनी मान वर केली नाही, फक्त पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

गावकरी_दादा
आमच्याकडं हे कोर्टात जातच न्हाई. चार माणसं बसवायची, दोन्हीकडची. मुलीकडच्यांनी ‘पोरीचं चुकलं असंल तर पदरात घ्या’ म्हणायचं, मुलाकडच्यांनी ‘बरं’ म्हणायचं, शेंगदाणे-गूळ, पाणी, उठायचं. मी पण बसलोय असल्या बैठकीत. एकदा पोरीला आत बसवलेलं, बाहेर तिचं ठरत होतं. कुणीच तिला बाहेर बोलावलं न्हाई. मी पण न्हाई. मिटवायचंच असंल तर पोरगी समोर बसली पाहिजे आन ठरलेलं लिहून घेतलं पाहिजे, एवढं तरी करा.

सुईदोरा
बैठकीऐवजी दुसरा पर्याय सांगते. पोलीस ठाण्यात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष असतो, समाजकार्य शिकलेली माणसं बसतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात पहिला सुरू केला, आता राज्यभर आहेत. दोन्हीकडच्यांना बोलावतात, पण मुलीचं आधी एकटीचं ऐकतात. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तरी कुठे जायचं ते सांगतात. अगदीच घरातून निघायची वेळ आली तर सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी केंद्रात काही दिवस राहता येतं.

आणि सर्टिफिकेटसाठी थांबू नका. नोंदणीच्या सर्टिफिकेटची दुसरी प्रत फार्मसी कौन्सिलकडे मागता येते. मीही फार्मासिस्ट. आमच्याकडे माणसं कमी आहेत, सातारा रोडवर. निरोप पाठवते.

पायवाट
सगळ्यांना एकेकाला उत्तर देत नाही, माफ करा. केवडा, तू म्हणालीस तसं दार लावून बसलो. त्यावर इथे काही लिहीत नाही. दोन तास लागले.

नोटिशीला उत्तर सहाव्या दिवशी गेलं, विधी सेवा प्राधिकरणातल्या वकीलबाईंनी करून दिलं. काल संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो होतो. फॉर्म खरोखरच तसाच आहे. ती पहिल्या ओळीवर अडली, मारहाण, तिथे काही नाही लिहिलं. मग खाली जात राहिली. तिसऱ्या ओळीनंतर तिनं माझ्याकडे बघणं सोडलं. पेन पुन्हा थांबलं नाही. मॅडमनी विचारलं, सासरी काय काय राहिलंय, यादी द्या. मला वाटलं दागिने सांगेल. तिनं आधी सांगितलं, मार्कशीट सहा, सर्टिफिकेट, आधार, मग चार बांगड्या, मंगळसूत्र गळ्यातच आहे, आणि एक चष्म्याचं घर.

नाव विचारलं तेव्हा गोंधळ झाला. लग्नात तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं होतं, तिकडे सगळे त्याच नावानं हाक मारायचे, पण आधारवर बदललेलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, कागदावर जे आहे ते लिहू. ती म्हणाली, हो, तेच माझं आहे.

बाबा काही बोलत नाहीत. पण मामांचा फोन आला, ‘पाठवताय ना मग?’ तेव्हा बाबांनी ‘तिला विचारा’ म्हणून फोन तिच्या हातात दिला.

जुनीवही
तिनं काय सांगितलं मामांना?

पायवाट
‘मामा, जेवत्ये, नंतर करते.’

तिखटजाळ
:)

सरळमार्गी
पायवाट, माझं आधीचं जरा कडक झालं. आईला विचारलं काल. तिनं उत्तर दिलं नाही, उठून आत गेली. नंतर ताट घेऊन आमच्याबरोबर बसली. तेवढंच.

तारीख कधीची आहे?

पायवाट
मॅजिस्ट्रेटकडच्या अर्जाची पहिली तारीख १७ ची. आई पण येते म्हणतेय.

काळाकोट
पहिल्या तारखेला समोरचे बहुधा येणार नाहीत, समन्स पोचलं नाही असंही होईल. कायद्यात साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात जास्त धरून चला. अंतरिम खर्चाचा अर्ज मात्र त्याच दिवशी लावायला सांगा. तिच्या वजनाचे, डॉक्टरांचे जे काही कागद असतील ते झेरॉक्स करून न्या. आणि डबा, पाण्याची बाटली विसरू नका, आमच्याकडे दिवस जातो.